चादरीला भाव असतो की किंमत?

पत्र : बाई, नमस्कार. मी सव्वीस वर्षांचा आहे. पूर्व भागात आमचं चादरी-टॉवेलचं दुकान आहे, मागं चार यंत्रमाग. घरी तेलुगू बोलतो, शाळा मराठीत झाली. गेल्या दिवाळीपासून दुकान मी बघतो. मी सगळ्या मालाला स्टिकर लावले आणि बाहेर पाटी रंगवून घेतली : 'एकच किंमत. भाव करू नये. स्वस्त आणि मस्त.' वडिलांनी पाटी बघितली आणि दोन दिवस दुकानात आलेच नाहीत. तिसऱ्या दिवशी म्हणाले, "आपल्या दुकानात भाव सांगतात, किंमत चिकटवत नाहीत. आणि स्वस्त म्हणजे काय? आपला माल रद्दी आहे का?" मी म्हणालो, भाव काय न् किंमत काय, एकच की. तर म्हणाले, एकच असतं तर दोन शब्द कशाला झाले असते? मला उत्तर आलं नाही. आजी मधेच म्हणाली, दोन्ही सोडा, आपल्यात 'खरीदु' म्हणतात. त्यात एका गिऱ्हाइकानं पाटी वाचून तोंडावर सांगितलं, "लई भाव खातो बे तू." या शब्दांत नेमका फरक काय, ते आले कुठून, आणि पाटीवर मी काय लिहू? वडिलांशी अबोला मिटवायचा आहे.
एक वाचक, सोलापूर

उत्तर :

माझे पहिले विद्यार्थी आता आजोबा झालेत, तेव्हा तुला अरेतुरे केलं तर राग मानू नकोस.

तुझ्या वडिलांचा प्रश्न बिनतोड आहे. तो वाचून मला माझी एक जुनी चूक आठवली, ती आधी सांगते. सातवीच्या चाचणीत मी रिकाम्या जागा भरायला दिल्या होत्या. त्यातली एक, 'बाजारात कांद्याची ____ वाढली.' उत्तर हवं होतं 'किंमत'. एका पोरानं 'कांद्याची'तला 'ची' खोडून 'चा' केला होता, 'वाढली'चं 'वाढला' केलं होतं आणि मधे लिहिलं होतं 'भाव'. प्रश्नच बदलला म्हणून मी लाल शाईनं अर्धा गुण कापला. मधल्या सुट्टीत पोरगं पेपर घेऊन समोर उभं. अडत्याचा मुलगा होता. म्हणाला, "बाई, कांद्याला किंमत नसते. भाव असतो. सकाळी निघतो." मी त्याला वर्गात पिटाळलं. अर्धा गुण काही दिला नाही.

आज वाटतं, त्या पोरानं मला तीन छोट्या वाक्यांत जे सांगितलं, ते मला तेव्हा ऐकू आलं नाही. 'सकाळी निघतो' यातलं क्रियापद बघ. भाव निघतो, फुटतो, चढतो, उतरतो, वधारतो, गडगडतो, टिकून राहतो. पाऊस जसा आपला आपण येतो-जातो, तसं त्याचं चालतं. किंमत मात्र लावावी लागते, ठरवावी लागते, छापावी लागते, मोजावी लागते, वसूल करावी लागते. तिच्यामागं कुणीतरी माणूस असतो आणि त्यानं काहीतरी केलेलं असतं. किंमतही वाढते आणि उतरते, मान्य आहे, पण लिलावाच्या ओट्यावर 'आज कांद्याची किंमत काय फुटली?' असं विचारून बघ, लोक तुझ्याकडे बघत राहतील. आणखी एक. 'भाव करणे' याला दोघं लागतात, एकट्याला भाव करता येत नाही. किंमत लावायला एक माणूस आणि स्टिकरचं यंत्र पुरतं. वडिलांना जे खुपलं ते बहुधा इथलं. दुकानात दोघांनी मिळून व्हायची गोष्ट तू रात्री शटर ओढून एकट्यानं उरकून टाकलीस.

आता कुळं बघू. 'भाव' हा संस्कृत 'भू' धातूपासून आला, भू म्हणजे होणं, असणं. भाव म्हणजे असणं, अवस्था, मग मनाची अवस्था. व्याकरणातला भावे प्रयोग तिथलाच आणि 'देव भावाचा भुकेला' यातला भावही तोच. बाजाराची जी अवस्था असते, ती त्या दिवसाचा बाजारभाव. म्हणजे पंढरपुरात आषाढीला रांगेत उभ्या असलेल्या म्हातारीचा भाव आणि सोलापूरच्या बाजार समितीतला कांद्याचा भाव हे दोन वेगळे शब्द नव्हेत, एकाच शब्दाची दोन बिऱ्हाडं आहेत. आपल्या जिल्ह्यात ती दोन्ही नांदतात. गंमत म्हणून सांगते, भरताच्या नाट्यशास्त्रात ८ स्थायीभाव आणि ३३ संचारी भाव सांगितलेत. स्थायी म्हणजे मुरून बसणारे, संचारी म्हणजे येऊन-जाऊन असणारे. कांद्याचा भाव कुठल्या खात्यात टाकायचा ते तुला सांगायला नको. पण वर्गात हे सांगितलं की पोरं हसायची आणि ते ३३ आयुष्यभर लक्षात ठेवायची.

भावाचा हा संचारी स्वभाव आपल्याकडच्यांनी फार जवळून पाहिलाय. फेब्रुवारी २०२३ मधली गोष्ट तुला आठवत असेल. बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्यानं सोलापूरच्या बाजारात ५१२ किलो कांदा आणला. भाव निघाला किलोला एक रुपया. हमाली, तोलाई, गाडीभाडं वजा जाता पट्टीवर राहिले दोन रुपये एकोणपन्नास पैसे आणि हातात पडला दोन रुपयांचा चेक. कांदा तोच, शेतातली मेहनत तीच, फक्त त्या सकाळची बाजाराची अवस्था तेवढी होती. कांद्यावर स्टिकर लावायची सोय असती तर त्या माणसानं लावला नसता का? अडत्याचं पोरगं हेच सांगत होतं.

'किंमत' आपल्याकडे अरबीतून आली, फारसीच्या हातानं. तिचा अरबी धातू 'क-व-म', अर्थ उभं राहणं. वस्तू जेवढ्यावर उभी राहते ती तिची किंमत. हे मला पहिल्यांदा कळलं तेव्हा मी पुस्तक मिटून जरा वेळ गप्प बसले होते, कारण त्याच घरातले बाकीचे शब्द आपण रोज वापरतो आणि त्यांचं नातं डोक्यातसुद्धा येत नाही. 'कायम' म्हणजे उभा, न ढळणारा. 'मुक्काम' म्हणजे उभं राहायची, थांबायची जागा. 'कयामत' म्हणजे मेलेले उठून उभे राहतील तो दिवस. किंमत, कायम, मुक्काम आणि कयामत ही चार सख्खी भावंडं. एस.टी. स्टँडवर 'मुक्कामाची गाडी' असते ना, रात्री गावात उभी राहते आणि पहाटे निघते, ती किंमतीची बहीण लागते बघ.

आता तुझी पाटी परत वाच. 'एकच किंमत. भाव करू नये.' उभी राहणारी एक, हलणारा नको. व्युत्पत्तीच्या हिशेबानं इतकी अचूक पाटी मी सोलापुरात दुसरी पाहिलेली नाही. सगळे 'एकच भाव' लिहितात, ते खरं तर विसंगत आहे. मार्क द्यायचे झाले तर तुला पैकीच्या पैकी. पण पाटी तपासायला मी बसलेले नाही, वाचायला गिऱ्हाईक येतं, आणि घरात वडील आहेत.

वडिलांची बाजू कळावी म्हणून तुला जरा मागं नेते. मी आठ-नऊ वर्षांची असेन. मावशीचं लग्न ठरलं होतं आणि आई मला घेऊन चाटी गल्लीत चादर घ्यायला गेली. पांढरी खोळ चढवलेली गादी, कोपऱ्यात लोखंडी गज, भिंतीला चादरींच्या थप्प्या. आईनं चादर उलगडली ती आधी उलट्या बाजूनं. गाठी बघितल्या, काठ चिमटीत धरून चोळला, एक कोपरा नाकाशी नेला. दुकानदार काही बोलला नाही. "सांगा भाव." "सांगू की वहिनी, आधी बसा तर. पोरीला पाणी द्या रे." मग बारा रुपये झाले. आईनं आठ म्हटलं. "वहिनी, माझी खरेदीच दहाची आहे." आई उठली, दारात जाऊन चपलेत एक पाय घातला. दुसरा पाय घालायला तिला जो वेळ लागला, तेवढा वेळ मी जन्मात कुणाला लागलेला पाहिला नाही. "बरं, या, या. बोला, शेवटचं काय?" साडेनऊला चादर झाली. वर त्यानं विचारलं, लग्न कुठल्या गावी, मुलगा काय करतो, आणि दोन टॉवेलसुद्धा गळ्यात बांधले. ते आई मूळ घेणार नव्हती.

ती चादर माझ्या मावशीकडे तीसेक वर्षं होती. तुझ्या वडिलांना हे दुकान माहीत आहे. 'भाव सांगतात' यातलं 'सांगतात' हे त्यांचं अर्ध्याहून जास्त काम होतं. पाणी देणं, बसवणं, विचारपूस करणं आणि चपलेत गेलेला पाय ओळखणं, हे सगळं स्टिकरनं एका रात्रीत बिनकामाचं करून टाकलं. माणूस दोन दिवस घरी बसेल नाही तर काय.

याची दुसरी बाजूही आहे, ती लपवत नाही. माझ्या आईला घासाघीस जमायची. शेजारच्या काकूंना जमायची नाही, त्या लाजायच्या, आणि तीच चादर त्यांना साडेअकराला पडायची. अंगावरची साडी बघून भाव सांगणारे दुकानदार मी पाहिलेत. गावाकडून आलेला माणूस, पहिल्यांदा एकटी खरेदीला निघालेली मुलगी, भाषा न येणारा परगावचा पाहुणा यांना छापील किंमत हा मोठा आधार असतो. तू स्टिकर लावलेस ते योग्यच केलंस.

बरं, आजींचं 'खरीदु'. आजींना म्हणावं, तुमचाही शब्द लांबचा प्रवास करून आलाय. फारसीत 'खरीद' म्हणजे विकत घेणं. मराठीत त्याची 'खरेदी' झाली. तेलुगूत 'खरीदु'चा अर्थ सरकत जाऊन थेट किंमत झाला आणि 'खरीदु एंत?' म्हणजे 'केवढ्याला?' पण आपण मराठी लोकही फार मागं नाही. वर चाटी गल्लीतला दुकानदार काय म्हणाला? 'माझी खरेदीच दहाची आहे.' तिथं खरेदी म्हणजे किंमतच की, त्याला पडलेली! तुझ्या दुकानाच्या एका काउंटरवर दिवसभरात 'काय भाव', 'खरीदु एंत', अक्कलकोटकडून आलेल्या पाहुण्याचं 'बेले एष्टु' आणि 'क्या कीमत' असे चारही ऐकू येत असतील. कानडीत मात्र जीभ जपून वापरायची. 'बेले' म्हणजे किंमत, 'बेळे' म्हणजे पीक आणि त्यातला पहिला स्वर लांबवला की डाळ. ल-ळ आणि स्वर दोन्ही चुकले तर चादरीच्या दुकानात डाळ मागून बसशील.

लांबून आलेल्यांत 'दाम' आणखी पुढचा. ग्रीकांचं नाणं द्राख्मा, त्याचं आपल्याकडे द्रम्म झालं आणि द्रम्माचा दाम. अकबराच्या काळी ४० दामांचा रुपया होता. 'एक छदामही देणार नाही' म्हणतो त्यातला छदाम म्हणजे सहा दाम. असो, पाटीवर दाम लिहायचा नाहीये.

लिहायचा नाहीये तो आणखी एक शब्द म्हणजे 'स्वस्त', आणि इथं मी पूर्णपणे वडिलांच्या बाजूची आहे. 'स्वस्त'चं मूळ 'स्वस्थ'मध्ये सांगतात, म्हणजे आपल्या जागी निवांत असलेला. किती छान शब्द होता! भाव स्वस्थ बसलेत, उड्या मारत नाहीत, ती स्वस्ताई. पण स्वस्त शब्दाच्या वाट्याला तेच येऊ लागलंय जे त्याच्या थोरल्या जावेच्या वाट्याला येऊन गेलं. थोरली जाऊ म्हणजे 'सवंग'. जुन्या संस्कृतात 'अर्घ' म्हणजे किंमत. मोठं अर्घ असलेलं ते 'महार्घ', त्याचं प्राकृतात 'महग्घ' आणि मग आपलं 'महाग'. बेताचं अर्घ असलेलं ते 'समर्घ', त्याचं झालं 'सवंग'. गुजरातीत आजही 'सोंघुं' आणि 'मोंघुं' ही जोडी सरळ स्वस्त-महाग या अर्थानं नांदते, कुणाच्या मनात काही वाईट येत नाही. मराठीत मात्र सवंग शब्द घसरला. आता 'सवंग लोकप्रियता', 'सवंग विनोद' एवढ्यापुरताच उरलाय. पूर्वी सवंग ज्वारी मिळाली की बाया हसत घरी यायच्या, आता सवंग म्हटलं तर भांडण होईल. स्वस्तचा पाय त्याच पायरीवर आहे. 'स्वस्तातला मोबाइल' म्हणताना आपला आवाज कसा होतो, ऐकलंयस? चादर विणणाऱ्या माणसानं आपल्या पाटीवर ते वाचलं तर त्याला झोंबणारच. 'मस्त'बद्दल मी काही बोलत नाही. यमक जुळलं की सोलापूरकराला आवरत नाही.

जाता जाता, या अर्घाचे इतर नातलग मोठे सोवळ्यातले आहेत. सूर्याला देतो ते अर्घ्य त्याच्यातूनच आलं. नोकरीच्या जाहिरातीतली 'शैक्षणिक अर्हता' याच कुळातली. म्हणजे महागाई आणि पूजेतलं अर्घ्य एका घरातले. गॅस सिलिंडरचा भाव ऐकून हात आपोआप जोडले जातात, ते उगीच नाही.

'स्वस्त'च्या जागी एक शब्द सुचवते, 'रास्त'. रेशनच्या दुकानावर तू लहानपणापासून वाचत आलायस, 'रास्त भाव दुकान'. फारसीत 'रास्त' म्हणजे सरळ आणि 'रस्ता' त्याच घरचा. रास्त भाव म्हणजे सरळ भाव, वाकडातिकडा नसलेला. यात मालाला कमीपणा नाही, गिऱ्हाइकाला भीती नाही आणि दुकानदाराचं नाक शाबूत. जुन्या मराठी कागदांत सरकारनं ठरवून दिलेल्या भावाला 'निरख' म्हणत, तोही फारसीच. तो शब्द गेला. आपण जे 'निरखून बघतो' त्याच्याशी त्याचा काही संबंध नाही, दोघांची गाठ फक्त शब्दकोशात पडते.

तू 'मोल' विचारलं नाहीस, तरी तुमच्या घरात ते फिरत असणार म्हणून लिहिते. मूळ, मूळापासून मूल्य, मूल्याचं मोल. या शब्दाचं नशीब अजब आहे. 'मोलाचा सल्ला', 'अनमोल' असं म्हणताना तो सिंहासनावर बसतो आणि 'मोलमजुरी', 'मोलकरीण' म्हणताना तोच लोकांच्या घरी भांडी घासतो. दुसऱ्या जोडीत मोल म्हणजे कामाचा मोबदला. एकाच शब्दात सगळ्यात मौल्यवान गोष्ट आणि सगळ्यात कमी पैसे मिळणारी बाई अशी शेजारी शेजारी बसलेली मला फार वर्षं खटकते. मागावर बसणाऱ्या माणसाला हा शब्द दोन्ही बाजूंनी माहीत असतो. तुझ्या वडिलांना चादरीवरचा स्टिकर बघून आधी काय दिसलं असेल? त्यात सूत किती, रंग किती, वीज किती आणि विणणाऱ्याचं मोल किती, हे. एकदा त्यांच्याकडून हा हिशेब कागदावर लिहून घे. तुझी किंमत तू कशावर काढलीस ते पत्रात नाही. शेजारच्या दुकानाचा स्टिकर बघून लावली असशील तर ती अजून उभी नाही, टेकलेली आहे.

आता 'भाव खाणे'. मराठी माणूस काय काय खातो याची यादी करायला बसलं तर जेवणाचा क्रम शेवटी येईल. मार, लाच, हवा, गटांगळ्या, डोकं, वेळ आणि भाव. माल थोडा आणि मागणारे फार झाले की विकणारा ताठतो, हे बाजारातलं रोजचं दृश्य. तिथून ते माणसांना लागलं. ज्याला मागणी आहे तो भाव खातो आणि ज्याला नको त्याला आपण भाव देत नाही. तुझ्या त्या गिऱ्हाइकानं मात्र शब्द उलटा वापरला. ज्यानं 'भाव करू नये' लिहिलंय तो भाव कसा खाईल? पण त्याला काय म्हणायचं होतं ते बरोबर होतं. 'करू नये' वाचून त्याला दारातच हटकल्यासारखं झालं. 'थुंकू नये', 'गाड्या लावू नयेत', 'भाव करू नये' या एकाच पंगतीतल्या पाट्या. गिऱ्हाइकाला चादर दाखवायच्या आधी तू त्याला नियम दाखवलास.

एवढं सगळं सांगून झाल्यावर पाटीचं बोलू. तुझ्या स्टिकरवर बहुधा 'कमाल किरकोळ किंमत, सर्व करांसह' असं असेल. पाकीटबंद मालावर ती छापावीच लागते, २०११ पासूनचे वजनमापांचे नियम तसं सांगतात. यातले पहिले तीन शब्द सुटे करून बघ. 'कमाल' अरबी, मूळ अर्थ पूर्णत्व, आणि पूर्ण म्हणजे त्याच्या वर जागा नाही. 'किरकोळ' कानडीकडून आलेला, तिकडे 'किरु' म्हणजे लहान. 'किंमत' पुन्हा अरबी. शुद्ध सरकारी मराठी म्हणून आपण हे तीन शब्द छापतो आणि त्यांतला एकही संस्कृतातून आलेला नाही. तेलुगू बोलणाऱ्या घरातल्या मुलानं सोलापुरात मराठी पाटी रंगवावी, याला हे अगदी शोभतं.

पण तुझ्या कामाचा शब्द 'कमाल'. त्याचा अर्थ, याच्या वर घेता येणार नाही. खाली किती यायचं ते कायद्यानं बांधलेलं नाही. म्हणजे स्टिकर हे छप्पर आहे आणि छपराखाली भाव करायला वडिलांना पूर्ण मोकळीक आहे. किंमत उभी राहिली, भाव हलता राहिला, दोन्ही शब्द आपापल्या जागी. तुमचं अर्धं भांडण नियमावलीनंच मिटवून ठेवलंय, तुम्ही दोघांनी ती वाचली नव्हती इतकंच.

मात्र मग 'एकच किंमत' हे पाटीवर ठेवता येणार नाही, ते खोटं ठरेल. एकाला कमी केलं आणि दुसऱ्यानं पाटी दाखवली तर काय सांगशील? म्हणून असं कर. एक-दोन नग घेणाऱ्याला स्टिकरची किंमत, वडिलांना वाटलं तर त्यात थोडंफार इकडंतिकडं. सुटा ग्राहक तू सांभाळ. डझनानं घेणारे, लग्नाच्या आहेराला घेणारे, लॉजवाले आणि बाहेरगावचे व्यापारी यांना स्टिकर दाखवूच नकोस. तिथं भाव होतो आणि तो वडिलांनी गादीवर बसून करायचा. सिद्धेश्वराच्या गड्ड्याच्या जत्रेत स्टॉल लावणार असशील तर तिथंही त्यांनाच बसव. जत्रेत भाव न करता चादर घेतलेला माणूस घरी जाऊन शिव्या खातो. आणि ते भाव करत असताना तू मधे बोलायचं नाही, कॅल्क्युलेटर तर बाहेर काढायचाच नाही. पहिले आठ दिवस नुसता बघ. पाणी कधी मागवतात, चादर कुठल्या बाजूनं उलगडतात, 'शेवटचं' हा शब्द कितव्या वाक्याला येतो, हे स्टिकरच्या यंत्रावर मिळत नाही.

पाटी नवी करून घे : 'सोलापुरी चादर व टॉवेल. रास्त किंमत.' खाली हवं तर तेलुगूत आजींचा 'खरीदु' घाल, पूर्व भागात ते वाचून कुणी आत आलं नाही तर मला पत्र लिही. 'करू नये' काढून टाक. 'स्वस्त आणि मस्त' तर काढच. जुनी पाटी मोडीत घालू नकोस, पत्रा चांगला असेल तर उलटून रंगव. वडिलांना ते आवडेल.

आणि रंगाऱ्याला 'किंमत'वरचा अनुस्वार आधी कागदावर लिहून दे. अरबीत तो नाही, हिंदीत नाही, आपण मराठीत घातलाय. बहुतेक रंगारी हिंदी पाट्यांच्या सवयीनं दीर्घ 'की' काढून मोकळे होतात आणि मग तो टिंब मागाहून चिकटवलेला दिसतो, तुझ्या स्टिकरसारखा.